संगणक कक्षाचा चार्ज मिळालाय? मुलांच्या संगणक-इंटरनेट वापराचे नियम असे ठरवा

जूनमध्ये कामांचं वाटप होतं आणि संगणक कक्षाचा चार्ज बहुतेक वेळा शाळेतल्या सगळ्यात नव्या शिक्षकाकडे येतो. किल्ल्या हातात पडतात, जडवस्तू नोंदवहीवर सही होते. मुलांनी या यंत्रांवर काय करायचं, काय नाही, आणि काही विपरीत घडलं तर कुणी काय करायचं, याचा कागद मात्र कुणीच देत नाही. भिंतीवर 'चपला बाहेर काढाव्यात' आणि 'विचारल्याशिवाय हात लावू नये' एवढंच असतं. तो राहिलेला कागद तयार करण्यासाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक किंवा अनुदानित माध्यमिक शाळा ठेवली आहे: दहा-पंधरा संगणक, एक राउटर आणि एका तासिकेला साठ मुलं.

माझं म्हणणं आधीच सांगते. नियमावलीतला पहिला नियम बंदीचा नसावा. तो असा असावा: 'स्क्रीनवर काही घाण, भीतीदायक किंवा विचित्र दिसलं तर लगेच बाईंना किंवा सरांना सांगा. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही.' मुलं चुकीच्या पानावर पोचणारच. बहुतेकदा एखाद्या जाहिरातीवर बोट पडून पोचतात. तिथून पुढे मूल गप्प बसतं की तुमच्याकडे येतं, हे शाळेने त्याला आधी काय सांगितलं आहे यावर ठरतं. बाकीचे सगळे नियम या एका शब्दाच्या भरवशावर चालतात.

पायरी १: आधी काय आहे ते बघा

नियम लिहायला बसण्याआधी एक दुपार लॅबमध्ये एकट्याने काढा. प्रत्येक यंत्र सुरू करा. किती चालतात, कोणत्यावर कोणती प्रणाली (विंडोज की दुसरी) आहे, इंटरनेट कुठून येतं (ब्रॉडबँड, डोंगल की कुणा शिक्षकाचा हॉटस्पॉट), राउटरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, हे वहीत लिहा. अनेक राउटरचा आतला, म्हणजे सेटिंग्ज उघडण्याचा, पासवर्ड राउटर विकत घेतला तेव्हाचाच असतो. तो आजच बदला आणि बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या.

मग प्रत्येक यंत्राचा डेस्कटॉप आणि डाउनलोडचा फोल्डर उघडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवर माहिती भरायच्या घाईत मुलांच्या याद्या जन्मतारखा, पालकांचे मोबाइल, कधी कधी आधार क्रमांक यांसकट लॅबच्याच संगणकावर उतरवलेल्या असतात आणि तिथेच राहतात. सातवीतल्या मुलाला सहावीतल्या मुलीच्या घरचा नंबर दोन क्लिकवर मिळतो. अशा फायली कार्यालयाच्या संगणकावर हलवा, इथून पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. कार्यालयाचं काम आणि मुलांचं काम एकाच यंत्रावर नको, हे मुख्याध्यापकांशी बोलून पक्कं करा. यंत्रं कमी असतील तर निदान एक यंत्र फक्त कार्यालयासाठी राखा.

जुन्या यंत्रांबद्दल एक सूचना. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नवी आवृत्ती पेलणार नाही अशा यंत्रांवर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकता येते. केरळमध्ये सरकारी शाळांसाठी 'काइट' ही संस्था स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करते आणि तिथल्या मुलांचं शिक्षण वर्षानुवर्षं त्यावर चाललं आहे. त्यामुळे मुलांना हे जमणार नाही, ही शंका मनात आणू नका.

पायरी २: खाती वेगळी करा

प्रत्येक यंत्रावर दोन खाती असू द्या. प्रशासकाचं खातं तुमच्यासाठी, त्याला पासवर्ड. मुलांसाठी साधं खातं, ज्यातून नवीन सॉफ्टवेअर टाकता येत नाही आणि महत्त्वाच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत. या एका कामाने गेम टाकणं, घड्याळ बदलणं, अँटिव्हायरस बंद करणं यांतलं बरंचसं थांबतं.

साठ मुलांना साठ खाती देणं लहान शाळेला झेपत नाही. त्याऐवजी हजेरी क्रमांकाप्रमाणे यंत्र ठरवून द्या. यंत्रावर मोठ्या अक्षरात क्रमांक चिकटवा आणि एक साधी वही ठेवा: तारीख, तासिका, यंत्र क्रमांक, मुलांची नावं. ब्राउझरचा इतिहास पुसता येतो, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, तो साठतच नाही. वहीतली नोंद राहते. तिचा खरा उपयोग निर्दोष मुलाला वाचवण्यासाठी होतो. 'त्या दिवशी पाच नंबरवर मी नव्हतो' हे त्याला सिद्ध करता येतं.

एका यंत्रावर तीन-चार मुलं बसली की माउस एकाच्याच हातात राहतो, आणि तो हात बहुतेक वेळा मुलाचा असतो, मुलीचा नसतो. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, हा नियम म्हणून लिहा. 'आळीपाळीने बसा' एवढं तोंडी सांगून काही होत नाही.

ई-मेल आणि समाजमाध्यमांच्या खात्यांबाबत स्पष्ट राहा. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक या सगळ्यांच्या स्वतःच्या अटींतच किमान वय १३ आहे. प्रकल्पासाठी जन्मवर्ष खोटं टाकून पाचवीच्या मुलांची खाती उघडून देणं शिक्षकाने करू नये. खातं लागणारच असेल तर शाळेच्या खात्यातून, तुमच्यासमोर वापरू द्या.

पायरी ३: राउटरवर गाळणी लावा

अश्लील संकेतस्थळं अडवण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस नावाची जागा असते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी ही सेवा आहे. कोणतं नाव शोधून द्यायचं नाही हे तिला ठरवता येतं, त्यावरच ही गाळणी चालते. त्या जागी क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची मोफत सेवा टाका: पहिल्या रकान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात १.०.०.३. आकडे टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. ही सेवा प्रौढांसाठीची आणि व्हायरस पसरवणारी संकेतस्थळं उघडू देत नाही. राउटरवर लावली की त्याच्या वायफायवर जोडलेल्या सगळ्या यंत्रांना लागू होते, एकेक यंत्र धरून बसावं लागत नाही.

त्यानंतर प्रत्येक यंत्रावर दोन गोष्टी करा. गूगलच्या शोध-सेटिंगमध्ये सेफसर्च 'फिल्टर'वर ठेवा. यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. त्याने बरेचसे अयोग्य व्हिडिओ जातात आणि व्हिडिओखालच्या प्रतिक्रियाही दिसत नाहीत. शिवीगाळ मुलांना जास्त करून त्या प्रतिक्रियांतच भेटते. रिस्ट्रिक्टेड मोड त्या-त्या ब्राउझरपुरता असतो, म्हणून दुसरा ब्राउझर असेल तर तोही तपासा किंवा काढून टाका.

गाळणी कुठे फसते हेही माहीत हवं. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' अशी स्वतंत्र सेटिंग असते. तिथे दुसरी सेवा निवडली की राउटरची गाळणी बाजूला पडते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तरी तेच. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच मार्गाने वळवणारं सॉफ्टवेअर, लावलं तरी तेच. नववी-दहावीतल्या काही मुलांना हे तुमच्या आधी कळलेलं असेल. म्हणून गाळणीवर विसंबून पाठ फिरवू नका. टेबलं अशी मांडा की दारातून किंवा तुमच्या जागेवरून सगळे पडदे दिसतील. भिंतीकडे तोंड करून बसलेली मुलं आणि खोलीकडे तोंड केलेले पडदे, ही मांडणी कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करते. सगळे पडदे एका जागेवरून बघायचेच असतील तर व्हेयॉन हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते वापरत असाल तर मुलांना तसं सांगा. लपून बघणं शाळेला शोभत नाही.

पायरी ४: कागद लिहा

एकच पान. सातवीच्या मुलाला मोठ्याने वाचता येईल असं मराठी. 'सदरहू', 'उपरोक्त' असे शब्द नकोत. प्रत्येक नियमाला कारण जोडा, कारण दिलं की मुलं वाद कमी घालतात आणि नियम लक्षातही राहतो. मसुदा असा करता येईल:

१. काही वाईट, भीतीदायक किंवा विचित्र दिसलं, कुणी अनोळखी माणसाने निरोप पाठवला, फोटो मागितला, तर पडदा बंद करा आणि लगेच सांगा. सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

२. ठरलेल्या यंत्रावरच बसा आणि वहीत नाव लिहा. चूक दुसऱ्याच्या माथी येऊ नये म्हणून.

३. स्वतःचा पासवर्ड मैत्रिणीलाही सांगायचा नाही, दुसऱ्याचा वापरायचा नाही. उठताना खातं बंद करा.

४. आपलं किंवा दुसऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, आधार, शाळेत यायचा-जायचा रस्ता इंटरनेटवर लिहायचा नाही.

५. कुणाचाही फोटो किंवा व्हिडिओ त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही, पाठवायचा नाही, चेहरा बदलून चेष्टा करायची नाही.

६. जे तोंडावर बोलणार नाही ते टाइप करायचं नाही. जात, धर्म, रंग, घरची परिस्थिती यांवरून चिडवणं वर्गात चालत नाही, इथेही चालणार नाही.

७. पेनड्राइव्ह बाईंना दाखवल्याशिवाय लावायचा नाही. एका पेनड्राइव्हमधून सगळ्या यंत्रांना व्हायरस लागतो आणि मग कुणाचीच तासिका होत नाही.

८. नेटवरून घेतलेलं लिखाण आपलं म्हणून द्यायचं नाही. कुठून घेतलं ते खाली लिहा. एआयला विचारून लिहिलं असेल तर तेही लिहा.

९. यंत्रावर बसणाऱ्यांनी दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. सगळ्यांना शिकायला मिळावं म्हणून.

१०. वायर, प्लग, यूपीएस यांना हात लावायचा नाही. वीज गेली तर जागेवर थांबा.

आठव्या नियमावर थोडं बोलायला हवं. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे वापरणाऱ्याचं वय किमान १३ हवं आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी लागते. सातवीपर्यंतच्या वर्गांना ते स्वतः वापरू देण्यापेक्षा तुमच्या खात्यावर, प्रोजेक्टरवर, सगळ्यांना दाखवून वापरा. आपल्या तालुक्याची माहिती त्याला विचारा आणि आलेल्या उत्तरातल्या चुका मुलांना शोधू द्या. आपल्या गावाची नदी, जत्रा, धरण मुलांना यंत्रापेक्षा जास्त माहीत असतं, आणि चूक सापडल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. इतकं करून घेतलं की 'यंत्राने सांगितलं म्हणजे खरं' ही समजूत आपोआप ढिली होते.

मसुदा झाला की तो थेट लावू नका. आठवी-नववीच्या चार-पाच मुलामुलींना वाचायला द्या आणि विचारा, यातलं काय कळत नाही, काय पाळता येणार नाही, काय राहून गेलं. पाचवा आणि सहावा नियम सगळ्यात जास्त कुठे मोडतात, हे तेच तुम्हाला सांगतील. मग मुख्याध्यापक, नंतर शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठराव करून घ्या. ठराव असला की उद्या पालक भांडायला आले तरी तुम्ही एकट्या पडत नाही.

पायरी ५: नियम मोडला तर

हे आधी लिहून ठेवा, नाहीतर शिक्षा त्या दिवशीच्या रागावर ठरते. माझी सुचवण: पहिल्यांदा मोडला तर जागेवरच समज आणि वहीत नोंद. दुसऱ्यांदा वर्गशिक्षकांना कळवून एक तासिका यंत्राशिवाय, पण वर्गातच बसून. तिसऱ्यांदा पालकांना बोलावणं. यंत्र जाणूनबुजून मोडलं किंवा कुणाला छळलं तर थेट मुख्याध्यापकांकडे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. परिपाठाला उभं करून 'हा काय बघत होता ते विचारा' असं म्हणणं मानसिक छळातच येतं. आणि एका मुलाला असं उभं केलंत की पहिला नियम संपला. त्यानंतर कुणीही तुमच्याकडे काही सांगायला येणार नाही. संपूर्ण वर्षासाठी लॅब बंद ही शिक्षाही देऊ नका. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचं शिक्षणच त्यात थांबतं.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरण्याला (कलम ६६ क) आणि संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करण्याला किंवा ते पसरवण्याला (कलम ६६ ई) तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ही माहिती मोठ्या वर्गांना जरूर द्या, पण धमकी म्हणून वापरू नका. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. 'पोलीस घेऊन जातील' असं खोटं भय घालण्याची गरज नाही.

पायरी ६: गंभीर घटनेत काय करायचं

हा भाग नीट वाचा आणि छापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

समजा, एका विद्यार्थिनीचे आक्षेपार्ह फोटो, खरे असोत वा एआयने बनवलेले, मुलांमध्ये फिरत आहेत असं कळलं. पहिली ऊर्मी असते ती पुरावा म्हणून फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेऊन मुख्याध्यापकांना पाठवायची. हे करू नका. बालकांचं अश्लील चित्रण बघणं, उतरवून घेणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असं साहित्य जवळ बाळगण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कडक भूमिका घेतली आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

यंत्राची नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, पण यंत्र बंद करू नका, काही पुसू नका. खोलीला कुलूप लावा. कुठल्या पानावर, किती वाजता, कुठल्या यंत्रावर दिसलं ते हाताने लिहून काढा. मुलाच्या मोबाइलवर असेल तर तुम्ही तो उघडून चाळू नका. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष जाऊन सांगा.

बालकाविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल', 'पोरीचं लग्न व्हायचंय', 'आपसात मिटवू' असं सांगणारे लोक येतील. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना शांतपणे सांगा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला सोबत घ्या, पण समितीची बैठक होईपर्यंत तक्रार थांबवून ठेवू नका. मुलीचं नाव, वर्ग, फोटो कुठेही बाहेर जाता कामा नये.

चाइल्ड हेल्पलाइन १०९८, सायबर फसवणूक आणि गुन्ह्यांसाठी १९३०, तातडीसाठी ११२. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि महिला व बालकांबाबतच्या काही गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. हे नंबर फलकावर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

त्या मुलीशी कोण बोलणार हेही ठरवून ठेवा. तिचा विश्वास असलेल्या एकाच बाईंनी बोलावं. चार जणांनी चार वेळा तेच विचारू नये. 'तू फोटो पाठवलासच का?' हा प्रश्न तर कुणीच विचारू नये.

पायरी ७: मोठ्यांसाठीचे नियम

शिक्षक पाळत नाहीत ते नियम मुलं पाळत नाहीत. तासिका चालू असताना लॅबच्या यंत्रावर खाजगी बँकेचं काम, क्रिकेटचा स्कोअर, विद्यार्थ्याला रात्री उशिरा वैयक्तिक निरोप, हे सगळं बंद. विद्यार्थ्यांशी बोलायचं ते वर्गाच्या अधिकृत ग्रुपवर किंवा पालकांच्या नंबरवर.

फोटोंचा प्रश्न मोठा आहे. गॅदरिंग, सहल, गणवेश वाटप, प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो नावासकट फेसबुकवर जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. प्रवेशाच्या वेळीच एक संमतिपत्र घ्या, त्यात 'नाही' म्हणायची जागा ठेवा, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांची यादी फोटो काढणाऱ्याकडे द्या. दूरचे, गटाचे फोटो टाका. चेहऱ्याखाली नाव टाकू नका. मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो तर टाकूच नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी ८: पालकांपर्यंत पोचवा

नियमांचा कागद घरी पाठवून सही मागवली तर सही येते, वाचलेलं मात्र काही नसतं. पालकसभेत पंधरा मिनिटं मागून घ्या. पहिला नियम वाचून दाखवा आणि पालकांनाही तोच शब्द द्यायला सांगा: मुलाने येऊन सांगितलं तर मोबाइल हिसकावून घेणार नाही. अनेक मुलं शाळेत सांगायला तयार असतात, पण घरी कळलं तर फोन जाईल, मुलींना तर शाळाच सुटेल, या भीतीने गप्प बसतात. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी तुमच्याच आवाजात दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश करून ग्रुपवर टाका. सभेला आलेल्यांकडून तिथेच सही घ्या. ऊसतोडीला गेलेल्या किंवा शहरात कामाला असलेल्या पालकांची सही दिवाळीत ते गावी येतात तेव्हा घ्या. तोवर मुलाला लॅबबाहेर ठेवू नका.

दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या तासिकेला नियम पुन्हा वाचा, मुलांकडूनच वाचून घ्या. कुणा शिक्षकाची बदली झाली की त्याच दिवशी राउटरचे आणि शाळेच्या खात्यांचे पासवर्ड बदला. मे महिन्यात वही चाळून कोणता नियम सगळ्यात जास्त मोडला ते बघा, त्याची भाषा बदला, आणि चार्ज दुसऱ्याकडे जाणार असेल तर किल्ल्यांसोबत ही वही, पासवर्डचं पाकीट आणि ठरावाची प्रत मोजून द्या, घेणाऱ्याची सही घेऊन.